सामान पोहोचून आठ महिने झाले, आता सांगतो

घर बदललं, सामान उतरलं त्याच संध्याकाळी ते हलवणाऱ्या कंपनीचा मेसेज आला होता, 'आम्हाला पाच तारे द्या'. दिले नाहीत. त्या दिवशी पलंग जोडलेला दिसला आणि पंखा फिरला एवढ्यावरच आम्ही खूश होतो. खरा हिशेब पुढे एकेक खोका उघडत गेला तसा लागला.

याआधी एकदा घर बदललं तेव्हा फोनवर सर्वात कमी दर सांगणाऱ्याला काम दिलं होतं. "दोन बेडरूमचं ना, मग झालं," म्हणून त्याने आकडा सांगून टाकला. ट्रक अर्धा भरल्यावर "सामान जास्त आहे, साहेब" सुरू झालं. उतरवायच्या वेळी तर वरचे पैसे हातात पडेपर्यंत ट्रकचं दारच उघडेनात. आपला अख्खा संसार त्या दारामागे असताना कसली घासाघीस करणार? निमूट दिले.

म्हणून या वेळी तिघांना सांगितलं, आधी सामान बघा, मग दर बोला. एकाने न येताच आकडा पाठवला. दुसऱ्याने व्हिडिओ कॉलवर हॉल आणि दोन खोल्या बघून भागवलं. तिसऱ्याचा माणूस घरी आला आणि पहिल्यांदा स्टूल घेऊन माळ्यावर डोकावला. पलंगाखालचे कप्पे उघडले, कुंड्या मोजल्या, मोठी गादी लिफ्टमध्ये उभी राहते का विचारलं, नव्या घरापासून ट्रक किती लांब उभा राहील तेही विचारलं. पहिल्या दोघांचा अंदाज साधारण ४५० घनफूट, याचा ६२०. दर अर्थातच याचाच सर्वात जास्त. मी कां-कू करत होतो, तर बायको म्हणाली, "बाकीच्या दोघांनी माळा बघितला का?" तिथेच ठरलं.

ट्रक वाटणीचा घेतला, म्हणजे दुसऱ्या कोणाचं सामानही त्यातच. त्यामुळे पक्की तारीख नाही, चार दिवसांची मुदत मिळाली. सामान चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर आलं. त्यावर माझी तक्रार नाही, कागदावर तसंच लिहिलं होतं.

विम्याचा कागद मात्र मी दोनदा वाचला. कंपनीची स्वतःची जबाबदारी वजनावर होती, किलोमागे ठरलेली रक्कम. या हिशेबात लॅपटॉप आणि रद्दी एकाच भावात जातात. वस्तूंची किंमत लिहून देऊन वेगळा विमा घेता येत होता, तो घेतला. आणखी एक ओळ बारीक अक्षरात होती: आपण स्वतः भरलेल्या खोक्यात आत काही फुटलं तर भरपाई नाही. काचेचं सगळं त्यांच्याकडूनच भरून घेतलं ते यामुळे.

भरणारा मुकादम हा माणूस बघण्यासारखा होता. मी ताटल्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्याने प्रत्येक कागदात गुंडाळून खोक्यात उभी लावली. आडव्या रचल्या की प्रत्येक हादऱ्याला वरच्यांचं वजन खालच्या ताटलीवर येतं, म्हणाला. कोपऱ्यांत कागदाचे बोळे कोंबले, खोका उचलून कानाशी हलवला, आत किणकिण ऐकू आली तर पुन्हा उघडला. पुस्तकं लहान खोक्यांत, टीव्ही उभाच. आठ महिन्यांनंतरही त्याच्या हातचा एकही कप तडकलेला सापडलेला नाही.

यादी करताना मात्र त्याच मुकादमाशी वाजलं. जेवणाच्या टेबलापुढे त्याने लिहिलं, 'जुने, ओरखडे'. टेबल दीड महिन्यापूर्वी आणलेलं! "सगळ्यांचंच असं लिहितो हो, सवय आहे." मी ते खोडायला लावलं, शेजारी दोघांच्या सह्या घेतल्या, चारही बाजूंनी फोटो काढले. टेबल उतरलं तेव्हा एका पायाचा टवका उडालेला. पोच-पावतीवर सही करण्याआधी तसं लिहिलं. तीन फोन आणि पाच आठवडे लागले, पण भरपाई मिळाली. ती खोडाखोड केली नसती तर काय झालं असतं ते उघड आहे.

उलट बाजूही सांगतो. पाचव्या महिन्यात ३८ नंबरचा खोका उघडला, तो मदतनीस पोऱ्याने भरलेला. काचेच्या भांड्याचं झाकण दुभंगलं होतं. तक्रारीची मुदत होती सात दिवस, त्यामुळे विषयच संपला. 'काच' लिहिलेले खोके आधी उघडायचे, हे त्या पसाऱ्यात आम्हाला सुचलं नव्हतं.

फ्रिज उभाच आणला, अजून ठीक चालतोय. वॉशिंग मशीन पहिल्याच दिवशी बाथरूमभर नाचलं आणि मी कंपनीला फोन करून आवाज चढवला. त्यांचा माणूस शांतपणे म्हणाला, "मागचे बोल्ट काढलेत का?" प्रवासात ड्रम हलू नये म्हणून मीच हौसेने बोल्ट बसवले होते आणि विसरलो होतो. तो तारा माझा कापा.

पलंग मात्र त्यांच्याच खात्यावर. पलंगाचे आणि कपाटाचे स्क्रू एकाच पिशवीत टाकले होते, जोडताना जो हाताला लागला तो ड्रिलने कसला. लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डचं भोक एकदा सैल झालं की स्क्रू धरत नाही. तिसऱ्या महिन्यापासून पलंग कुरकुरतोय, सुतार दोनदा येऊन गेला.

पाचपैकी चार. पुढच्या वेळी यांनाच बोलवीन, पण तोच मुकादम येणार का हे आधी विचारीन आणि स्क्रूच्या पिशव्या मी स्वतः बांधीन.