घरी चाक भरायला पत्र्याचा ट्रुइंग स्टँड: घ्यावा का?

सायकलचं चाक अडकवून, तारा ताणून सरळ करायचा हा ऑनलाइन मिळणारा, घडी होणारा, बिनब्रँडचा स्टँड. आउट (चाकाचं डुलणं) काढायला चालतो, चाक मध्यावर आणायला त्याच्यावर विसंबू नका. पत्रा पातळ असल्याने रिमचं अंतर दाखवणारे दोन्ही काटे एकाच अंतरावर राहत नाहीत. म्हणून चाक डावं-उजवं उलटून पुन्हा लावायचं. डाव्या काट्यापासूनचं अंतर २ मिमी बदललं, तर रिम १ मिमी सरकलेली आहे. फरक नेहमी अर्धा धरायचा.

सोबतची चार खाचांची गोल चावी सरळ अडगळीत टाका. खाचा सैल असतात, तारा ताणल्यावर पितळी निपलचे (तार रिममध्ये धरणाऱ्या नटाचे) कोपरे झिजतात आणि मग पक्कड घेऊन बसावं लागतं. निपल साधारण ३.२३ किंवा ३.४५ मिमीचं असतं. मोजून नेमकी तेवढीच चावी घ्या. स्टँडपेक्षा आधी पैसे इथे घाला.

पहिलं चाक बिघडतं ते तारांच्या लांबीपायी. काळ्या सायकलीला पुढे ३२, मागे ४० भोकं; गिअरवालीला बहुधा ३२ किंवा ३६. साताऱ्यात दुकानात जाऊन "अठ्ठावीसच्या तारा द्या" (म्हणजे २८ इंची चाकाच्या) म्हटलं की संपलं, असं होत नाही. दोन जुन्या तारा आट्याच्या टोकापासून २०० मिमीवर कापा, रिमच्या समोरासमोरच्या भोकांतून घाला, तारेचं टोक निपलच्या खाचेशी येईपर्यंत निपल फिरवा. कापलेल्या टोकांमधलं अंतर अधिक ४०० मिमी, हे रिमचं खरं माप. तीन ठिकाणी घेऊन सरासरी काढा. मग हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) फ्लँजची, म्हणजे तारा अडकतात त्या कड्यांची, मापं घालून ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर लांबी काढा. गिअरवालीच्या मागच्या चाकाच्या उजव्या तारा साधारण २ मिमी आखूड निघतात; दोन्ही बाजूंना एकच माप आलं तर पुन्हा मोजा. तार लांब झाली तर आटे संपतात, आखूड राहिली तर निपलचं डोकं तुटतं.

भरताना प्रत्येक तार त्याच बाजूच्या तीन तारांना छेद देते, तिसरीच्या मात्र खालून काढायची. व्हॉल्व्हचं भोक जवळजवळ समांतर असलेल्या दोन तारांमध्ये यायला हवं, नाहीतर पंप बसत नाही.

२ मिमीच्या तारेवर निपलचा एक फेरा म्हणजे जेमतेम ०.४५ मिमी. तेव्हा पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. ताण वाढला की निपलसोबत तारही पिळते. थोडं पुढे नेऊन तेवढंच मागे आणा. आट्यांना तेलाचा थेंब हवाच. शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत दाबा. टणटण आवाज आला तर पीळ सुटतोय, परत आउट बघा. हे टाळलं तर यवतेश्वरच्या घाटात पहिल्याच उतारावर चाक डुलायला लागतं.

वर्षाला दोन-चार चाकं भरणार असाल तर स्टँड घ्या. एकाच चाकासाठी नको: सायकल उलटी करा, फोर्कला दोन्हीकडे प्लास्टिकचा टाय बांधा, टोक रिमपाशी कापा. काटा तयार.