सँ-आंद्रे आणि लाजिस्के: दोन फ्रेंच विंगर
पात्रीस लाजिस्के बायोन या फ्रेंच क्लबचा, रग्बीतला निव्वळ वेगाचा विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू): ४६ कसोटी म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, २० ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं). फिलिप सँ-आंद्रेचे ६९ कसोटींत ३२. सरासरी जवळपास सारखीच, पण खेळ अगदी वेगळा. लाजिस्केला टचलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ, मोकळी जागा लागे; सँ-आंद्रे ती स्वतः तयार करी. १९९४ ला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडविरुद्ध फ्रान्स १६-२० असा मागे असताना त्याने आपल्याच गोलरेषेपासून २२ मीटरवरच्या रेषेजवळ चेंडू घेतला. किक मारून सुटका करून घेणं सोपं होतं, तो धावत सुटला. अनेक हातांतून गेलेला तो चेंडू शेवटी सहकारी सादुर्नीने टेकवला. विंगर म्हणून त्यामुळेच सँ-आंद्रे सरस.

प्रशिक्षक म्हणून मात्र पारडं फिरतं. सँ-आंद्रेने २००६ ला सेल या इंग्लिश आणि २०२२ ला माँपेलिए या फ्रेंच क्लबला विजेतेपद दिलं, हे खरंच. पण फ्रान्सच्या संघाबरोबरची चार वर्षं (लाजिस्के तेव्हा त्याचाच सहायक) २०१५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडकडून १३-६२ अशा पराभवाने संपली. लाजिस्केने बियारित्झ क्लबला २००२, २००५, २००६ अशी तीन फ्रेंच विजेतेपदं दिली. पुढे २०२३ ला त्याच्या पोर्तुगालने फिजीला २४-२३ हरवून विश्वचषकातला आपला पहिलाच विजय मिळवला. निर्णायक ट्राय विंगर रोद्रिगो मार्ताचा.