शतावरी कल्प: बाळंतपणापासून उष्टावणापर्यंत

बाळंतिणीच्या खोलीत शतावरी कल्पाचा डबा नाही, असं घर नाशकात विरळाच. माझ्याकडे दोन आले, एक आईकडून आणि एक मामेसासूबाईंकडून. जानेवारीत लेक झाला आणि आता त्याचं उष्टावण झालं. तोवर मी कल्प जवळजवळ रोज घेतला. अंगावरचं दूध वाढावं म्हणून तो देतात, आणि हा डबा घेताना प्रत्येकीच्या मनात एकच प्रश्न असतो, दूध पुरेल ना? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी डब्याबद्दल. दाणेदार, वेलचीचा वास, कोमट दुधात लगेच विरघळतो. सकाळी दोन चमचे, रात्री दोन. चव गोड, आणि चांगलीच गोड, कारण घटकांच्या यादीत साखर सगळ्यात वर आहे आणि शतावरी त्याखाली. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की खडे होतात, कोरडा चमचाच वापरा. मला किंवा बाळाला काही त्रास झाला नाही.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला लेक संध्याकाळी दिवेलागणीपासून रात्री उशिरापर्यंत अंगावरून हटायचा नाही. सोडला की रडायचा. घरात सगळ्यांचं एकच निदान, दूध कमी पडतंय, कल्प वाढव. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी मात्र कल्पाबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, चोवीस तासांत लंगोट किती ओले होतात? पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त हवेत. मग वजन पाहिलं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आमचं आलं होतं. संध्याकाळी असं सारखं पिणं तान्ह्या बाळांमध्ये नेहमीचं आहे, त्यावरून दूध कमी आहे असं ठरवायचं नाही, हेही त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. फार बरं वाटलं.

दुखत होतं ते मात्र खरं होतं. तिथल्या सिस्टरनी बाळाला धरायला शिकवलं: तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं स्तनाग्र नाही तर भोवतीचा काळा भागही, खालच्या बाजूचा जास्त, तोंडात जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली. दुखणं थांबलं आणि गिळण्याचा आवाज नीट ऐकू यायला लागला. माझ्या मते दूध वाढलं ते इथून. बाळ जितकं ओढून घेईल तितकं शरीर तयार करतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नये. दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन ताणात, दुखण्यात अडखळतं. बाळंतिणीला दिवसभर ‘तुला दूधच येत नाही’ असं ऐकवणारी माणसं तिचं किती नुकसान करतात, याचा त्यांनी खरंच विचार करावा.

दीड महिन्यानंतर छाती मऊ वाटायला लागली तेव्हा पुन्हा आत्या-काकूंचे फोन सुरू झाले. दूध आटलं नव्हतं. बाळाच्या गरजेशी मेळ बसला की पूर्वीसारखं गच्च भरल्यासारखं वाटत नाही, इतकंच.

खाण्याबद्दल आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत पहिल्या सहा महिन्यांसाठी रोज 600 किलोकॅलरी जास्त सांगितल्या आहेत. भूक लागायची ती खरीच होती! तुपाची बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशोपा, हे सगळं मी आनंदाने खाल्लं. अळिवात लोह भरपूर, ते नीट अंगी लागावं म्हणून आई अळिवाच्या लाडवासोबत लिंबाचं सरबत द्यायची आणि चहा तासाभराने. यातल्या कशाने दूध धो धो वाढलं असं मी म्हणणार नाही, पण बाळंतपणानंतरचा अशक्तपणा कमी व्हायला त्याची मदत झाली.

नको त्या गोष्टींची यादी मात्र लांब होती. फेब्रुवारीत गल्लीतून द्राक्षांची गाडी जायची आणि मला एक मणी मिळायचा नाही, बाळाला सर्दी होईल म्हणून. आईने आंबट खाल्लं म्हणून दूध आंबट होत नाही की बाळाला सर्दी होत नाही, असं मॅडमनी सांगितल्यावर मार्चमध्ये मी स्वच्छ धुऊन पोटभर खाल्ली. पाणी तोडणं तर सगळ्यात वाईट. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा पाजायला बसताना तांब्या शेजारी हवाच.

मग कल्प घ्यावा का? शतावरीने दूध वाढतं का, यावर झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. मला त्याच्यामुळे दिवसातून दोनदा कपभर दूध पोटात गेलं आणि दहा मिनिटं कोणी उठवलं नाही, हे दोन फायदे नक्की झाले. चव आवडत असेल तर घ्या. गरोदरपणात साखर वाढलेली असेल, मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, मेथीचे लाडूही विचारूनच. आणि लंगोट कमी ओले होत असतील, बाळ सुस्त पडून राहत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर कल्पाचे चमचे वाढवत बसू नका, त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे न्या.

दुसरा डबा अर्धा उरलाय, तो संपला की नवा आणणार नाही. अळिवाचे लाडू चालूच राहतील.