कपडा कुठे शिवला ते सांगणारा नकाशा: ओपन सप्लाय हब

मी नऊ वर्षं मर्चंडायझर होते. ब्रँडकडून टेक पॅक, म्हणजे कपड्याची मापं आणि तपशील असलेला कागद, घ्यायचा, कारखान्याकडून सॅम्पल पास करून घ्यायचं आणि शिपमेंटची तारीख गाठायची, हे माझं काम. या नऊ वर्षांत आम्ही ज्यांचा माल शिवायचो त्या ब्रँडचे सस्टेनेबिलिटी अहवाल मी नेमाने वाचले. पाणी किती वाचवलं, प्लॅस्टिक किती कमी केलं, 'भागीदारांशी' नातं किती घट्ट आहे, सगळं त्यात असायचं. आमच्या कारखान्याचं नाव मात्र एकाही अहवालात मला कधी सापडलं नाही. म्हणून ओपन सप्लाय हबच्या साइटवर ते नाव टाकलं आणि नकाशावर बरोबर आमच्या गेटापाशी खूण उमटली, तेव्हा मला खरोखर भरून आलं.

आधी साइट काय आहे ते सांगते. २०१९ मध्ये ती ओपन अपॅरल रजिस्ट्री या नावाने फक्त कपड्यांच्या कारखान्यांची नावं-पत्ते दाखवण्यासाठी सुरू झाली. २०२२ मध्ये नाव बदललं आणि इतर उद्योगही त्यात आले. शोधायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. कारखान्याचं नाव टाका, देश निवडा, किंवा एखाद्या ब्रँडने दिलेली अख्खी यादी उघडा.

प्रत्येक कारखान्याला पंधरा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल, पण या धंद्यात राहिलेल्याला तिची किंमत कळते. आमचा एकच कारखाना तीन बायरांच्या, म्हणजे माल घेणाऱ्या ब्रँडच्या, सिस्टिममध्ये तीन नावांनी होता. एकाकडे 'प्रायव्हेट लिमिटेड', दुसऱ्याकडे 'एक्स्पोर्ट्स', तिसऱ्याकडे तर चक्क मालकाच्या वडिलांच्या जुन्या फर्मचं नाव. एका बायरने पाण्याच्या निचऱ्याबद्दल तक्रार काढली, तर ती याच शेडबद्दल आहे हे दुसऱ्या बायरला कळायची सोयच नव्हती. इथे तिन्ही नावं एका क्रमांकाखाली आलेली दिसली.

पानावर मी सर्वात आधी पाहते ते 'ही माहिती कुणी दिली' हा भाग. कुठल्या ब्रँडने किंवा संस्थेने हा कारखाना आपल्या यादीत दाखवला आणि कधी, ते तिथे असतं. मागच्या वर्षी मी भाचीसाठी एक रेनकोट घेतला. लेबलवर कापड, धुण्याच्या खुणा आणि देशाचं नाव, एवढंच. कंपनीला मेल करून विचारलं, हा कुठल्या कारखान्यात शिवला? अकरा दिवसांनी उत्तर आलं की व्यावसायिक गोपनीयतेमुळे पुरवठादारांची नावं देता येत नाहीत. हा ब्रँड मला आतून माहीत होता, त्याच्या ऑर्डरी मी स्वतः चालवल्या आहेत. त्याचं काम करणारा एक कारखाना नकाशावर शोधला, तर त्या पानावर चार प्रतिस्पर्धी ब्रँडनी आपली नावं उघडपणे दिलेली होती. स्पर्धकांना कळू नये म्हणून जे नाव मला सांगितलं नाही, ते स्पर्धकांना आधीच ठाऊक होतं. त्यांचा माल शेजारच्या लाइनवर शिवला जायचा. दोघांच्या शिपमेंट मी एकाच आठवड्यात काढलेल्या आहेत.

गोपनीयतेचं हे कारण नवं नाही. नायकीही ते बरीच वर्षं देत होती. मग २००५ मध्ये तिने आपल्या ७०० हून अधिक कारखान्यांची यादी स्वतःच जाहीर केली, आणि त्यानंतरही तिचा धंदा चालूच राहिला. ब्रँड किती माहिती उघड करतात ते मोजणाऱ्या फॅशन ट्रान्सपरन्सी इंडेक्समध्ये २०२३ साली तपासलेल्या २५० मोठ्या ब्रँडपैकी ५२ टक्क्यांनी शिलाईच्या कारखान्यांची यादी दिलेली होती. उरलेल्यांचं कारण मला पटत नाही.

पत्त्यावर माझा एवढा भर का, तर राणा प्लाझामुळे. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साव्हार इथली ती आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं गेलं. तिथे कुठकुठल्या ब्रँडचा माल होता हे कळण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबलं शोधावी लागली. ही बातमी मी तेव्हा ऑफिसात बसून वाचली. टेबलावर आमच्याच ऑर्डरच्या लेबलांचा रोल पडला होता. यादी आधीच उघड असती, तर भरपाई कुणाकडे मागायची हे पहिल्या दिवशीच ठरलं असतं.

ऑडिटं होतात की, असं कुणी म्हणेल. राणा प्लाझातल्या दोन कारखान्यांचंही सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, आधी झालेलं होतं. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये कराचीत अली एंटरप्रायझेसला आग लागून अडीचशेहून अधिक लोक गेले. त्या कारखान्याला कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं एसए ८००० प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. ऑडिटचा दिवस मी आतून पाहिला आहे. तारीख आधी कळायची. आदल्या संध्याकाळी मागच्या दारासमोरचे कार्टन हलवले जायचे, फर्स्ट एडच्या पेटीत नवं सामान भरलं जायचं आणि ओव्हरटाइमचं दुसरं रजिस्टर कपाटातून बाहेर यायचं. दोन दिवसांनी कार्टन परत दारासमोर. मी तेव्हा गप्प बसले, ते मला अजून बोचतं. ऑडिटर वर्षातून एक दिवस येतो. पत्ता उघड असला तर युनियनचा माणूस, पत्रकार, नदीकाठी राहणारा शेतकरी, कुणीही कधीही बोट दाखवून विचारू शकतो की हा माल कुणाचा.

आता उणिवा. नकाशावर जास्त करून शिलाईचे कारखाने आहेत. सूतगिरणी, रंगाई आणि त्याही मागे कापसाचं शेत, इथवर जाल तसतशा खुणा विरळ होतात. सर्वाधिक रासायनिक पाणी तर रंगाई-धुलाईतून निघतं. काज-बटण आणि धागे कापण्याचं जॉब वर्क जिथे जातं, त्या दोन खोल्यांच्या जागा जवळपास नाहीतच, आणि घरी बसून मणी-टिकल्या लावणाऱ्या बायका तर मुळीच नाहीत. काही पानांवर कामगारांची संख्या आहे, काहींवर नुसतं नाव-पत्ता. नोंदी जुन्या असू शकतात, म्हणून तारीख बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. मुख्य म्हणजे, नकाशावर असणं ही चांगुलपणाची पावती नव्हे. तिथे पगार वेळेवर होतो का, दार उघडं असतं का, हे ही साइट सांगत नाही, आणि सांगण्याचा दावाही करत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

पर्यावरणाचा भाग बघायचा असेल तर जोडीला दुसरं साधन घ्या. चीनमधल्या कारखान्यांसाठी तिथले पर्यावरण कार्यकर्ते मा जुन यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या आयपीई या संस्थेचा प्रदूषणाचा नकाशा आहे. सरकारी दप्तरातले नियमभंग त्यावर कारखान्याच्या नावानिशी दिसतात.

ब्रँडची यादी बघताना मी ट्रान्सपरन्सी प्लेज ही ब्रँडसाठीची पारदर्शकतेची प्रतिज्ञा हाताशी ठेवते. नऊ कामगार आणि मानवी हक्क संघटनांनी २०१६ मध्ये ती मांडली. कारखान्याचं पूर्ण नाव, पत्ता, मालक कंपनी, काय बनतं आणि कामगार साधारण किती, एवढंच ती मागते. पाच रकान्यांची एक्सेल शीट. मी नोकरीत असताना अशी शीट दर सोमवारी बायरला पाठवायचे, त्यामुळे 'माहिती गोळा करायला वेळ लागेल' हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या न दिसणाऱ्या जॉब वर्कच्या खोल्यांसाठी राखून ठेवला आहे.

आमच्या जुन्या कारखान्याचं फिनिशिंग युनिट बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी नकाशावर ते सुरू दिसत होतं. मी खातं उघडून कळवलं आणि आता तिथे बंद असल्याची नोंद आली आहे. काज-बटणाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं, तुमच्या जागेचं नाव-पत्ता टाकू का? त्या म्हणाल्या, "टाका, पण माल कुणाचा आहे ते आम्हालाच सांगत नाहीत." ते आता मी ठेकेदाराला विचारलं आहे.