माता-बाल संरक्षण कार्ड : गरोदरपणभर वापरल्यानंतर

मोबाइल, मिक्सर, झालंच तर गादीसुद्धा, सगळ्यांचे अनुभव लोक लिहितात. सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या, आईच्या तपासण्या आणि बाळाच्या लसी नोंदवायच्या या कार्डाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. मी गोव्यातल्या डिचोलीची, पहिलंच बाळंतपण. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं तेव्हा कार्ड हातात पडलं. आता लेक मांडीवर आहे आणि कार्ड अजून चालूच आहे.

पहिलटकरणीला सल्ल्यांची वाण कधीच नसते. सासूबाई म्हणाल्या पपईला हात लावू नको. शेजारच्या काकी म्हणाल्या ग्रहणात सुरी धरू नको. ऑफिसातल्या मैत्रिणीने एक ॲप टाकून दिलं, ते रोज सकाळी सांगायचं की बाळ आज ब्लूबेरीएवढं झालं. डिचोलीच्या बाजारात ब्लूबेरी कोणी बघितलीय? माझी पंचाईत वेगळीच होती. डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचं काय, तेच सुचायचं नाही. "काही त्रास?" "नाही." झालं, पुढचा नंबर.

कार्ड उपयोगी पडलं ते नेमकं इथे. त्यातल्या सूचना बऱ्या आहेत, पण त्या कुठेही वाचायला मिळतील. कामाचे आहेत ते त्यातले रिकामे रकाने. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतलं अल्ब्युमिन (म्हणजे एक प्रथिन), साखर, गर्भाशयाची उंची, बाळाचे ठोके. मी सुरुवातीला एका खासगी दवाखान्यातही दाखवत होते. तिथे कार्ड पुढे केलं की, "ते सरकारी, तिकडेच भरून घ्या." घरी येऊन पाहिलं तर लघवीचा रकाना कोराच. पुढच्या खेपेला मीच विचारलं, "लघवी तपासायची राहिली का?" डॉक्टरांनी जरा वर बघितलं आणि तपासणी लिहून दिली. ही तपासणी किरकोळ वाटते, पण रक्तदाब १४०/९० च्या वर आणि लघवीत प्रथिनं असं दोन्ही एकत्र आलं की आईला झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. रकाना कोरा दिसला म्हणून विचारलं, एवढंच.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर मात्र कार्ड मन लावून भरायच्या. टेप पोटावर धरून खालच्या हाडापासून वरपर्यंत माप घ्यायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग लिहायचा. "चोवीस आठवडे, चोवीस सेंटिमीटर. बरोबर चाललंय." विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येतं आणि पुढे साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर, हा हिशेब त्यांनी मला तिथेच, टेप गुंडाळता गुंडाळता शिकवला.

पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ आलं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. चौथ्या महिन्यापासून लोहाची एक गोळी रोज, निदान १८० दिवस, हे सगळ्यांनाच असतं. माझ्या दोन केल्या. कार्डावर लिहिलं होतं तेवढंच, पण सिस्टरनी तो आकडा पेनाने गोल करून समोर बसवलं आणि विचारलं, "गोळी घेतेस कशाबरोबर?" चहाबरोबर घ्यायचे, आणि कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. दोन गोळ्यांत निदान दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर जास्त चांगलं. "शौच काळी होईल, घाबरून गोळी बंद करू नको," हेही त्यांनीच सांगितलं. सासूबाई सकाळी नाचण्याचं तिजाण, म्हणजे लापशी, द्यायच्याच. चहा मात्र चारला सरकला, आणि घरात त्यावरून चार दिवस कुरकुर झाली. आठव्या महिन्यात ११.१.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना डॉक्टर तपासतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासूनचं. गर्दी असते, डबा घेऊन जा. तिथे कार्डावर रंगीत टिकली लावतात : काही जोखीम नसेल तर हिरवी, मोठी जोखीम असेल तर लाल, रक्तदाबाला निळी, मधुमेह किंवा थायरॉइडसारख्या आजाराला पिवळी. मला थायरॉइडसाठी पिवळी लागली. घरी सगळ्यांचे चेहरे उतरले. पण म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या जुन्या आझिलोत, दुखायला लागल्यावर गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरनी कार्ड उघडलं, टिकली बघितली, रक्तगट बघितला आणि मला एकही प्रश्न न विचारता पुढची कामं सुरू झाली.

आता उणं.

रकाने फार लहान आहेत. औषधाचं नाव लिहायला जागा नाही, मग समासात तिरकं लिहितात आणि ते कोणालाच वाचता येत नाही. खाण्यापिण्याची पानं सगळ्या देशासाठी एकच असल्यासारखी वाटतात. डाळ, दूध, पालेभाजी ठीक, पण ज्या घरात नुस्त्याशिवाय पान हलत नाही तिथे कुठला मासा चालतो ते माझ्या कार्डात सापडलं नाही. ते विचारून घ्यावं लागलं : तारले, बांगडे खुशाल खा, मोरी (शार्क) टाळा, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. शिनाण्या, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, नीट शिजलेल्या असतील तरच.

आणि मनाचं काय? सातव्या महिन्यात रात्री-रात्री झोप नसायची, उगाच रडू यायचं. त्याला रकाना नाही. सिस्टरनी १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिला, फुकट आहे, रात्रीही लागतो. मी तो माझ्याच हाताने कार्डाच्या मागे लिहून ठेवला.

माझी मावसबहीण हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या दोडामार्गला दिलेली. तिच्याकडे आशाताई घरी येऊन कार्ड बघून जायच्या. गोव्यात आशा नाहीत. इथे अंगणवाडीच्या ताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांच्यावरच सगळा भार, त्यामुळे तुम्ही गेलात तरच कार्ड भरतं. नोकरी करणारीला हे जड जातं. माझ्या वतीने दोनदा सासरे अंगणवाडीत जाऊन आले, आणि ताईंनी त्यांनाच धोक्याच्या लक्षणांचं पान समजावलं : रक्तस्राव, चेहऱ्यावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं. तेव्हापासून रोज जेवणानंतर सासरे विचारायचे, "हाललं का गो?" अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजायच्या आणि दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर दवाखाना गाठायचा, हा नियम घरात माझ्याआधी त्यांना पाठ झाला.

बाळंतपणानंतर कार्डाची मागची बाजू सुरू होते. जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बी. मग दीड महिन्यापासून पुढचं वेळापत्रक. वजनाचा आलेख मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. माझ्या लेकीचा ठिपका मधल्या रेषेच्या जरा खाली आहे, पण रेषेच्या बरोबरीने वर चाललाय, आणि बघायचं ते हेच असं सिस्टर म्हणतात.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात पानं फुगतात, प्लास्टिकच्या जाड पिशवीत ठेवा. आणि मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,००० असे मिळतात, त्यासाठी हेच कार्ड लागतं. दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि पहिल्या लसी झाल्यावर येतो, तेव्हा लसींच्या पानावर तारीख लिहून घेतल्याशिवाय केंद्रातून उठू नका.