थ्रेशोल्ड, सहा महिने वापरल्यावर: दोन हेक्स आणि एक मेलेला उंटवाला

उंटवाला मेला तो तहानेनं नाही, गोंदामुळे. हे कळायला आम्हाला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी या अंकाबद्दल जे बोललो त्यातलं निम्मं आता मागे घ्यावं लागतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

मिस्टारा, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळातलं एक काल्पनिक जग, ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळे वीस बाजूंचा डाइस म्हणजे काय, इथून सुरुवात करणार नाही. 'थ्रेशोल्ड' हा चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेला अंक. 2013 पासून निघतोय, पीडीएफ, फुकट. नाव मिस्टारातल्या कारामेइकोस देशातल्या त्या गावावरून, जिथून कित्येकांची पहिली कॅम्पेन, म्हणजे लांब चालणारी खेळ-कथा, सुरू झाली. लिहिणारे, नकाशे काढणारे, चुका तपासणारे, कुणालाच यात पैसा नाही. 1997 मध्ये हा खेळ काढणारी टीएसआर कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं घेतली, पण त्याच्या आधीच मिस्टाराचं अधिकृत छापील काम आटत आलं होतं. मालकानं पड टाकलेली जमीन गावानं कसावी, तसं हे लोक ती कसतायत.

फुकट आहे म्हटल्यावर मी तर हरखलोच. पण मी दिवसभर सुताच्या पेढीवर हिशेबाच्या कॉम्प्युटरसमोर असतो. रविवारी पुन्हा स्क्रीन नको. म्हणून फेब्रुवारीत, गड्ड्याच्या जत्रेची धामधूम संपल्यावर, वेगवेगळ्या अंकांतली मला लागणारी पानं निवडली, 148 भरली, आणि एका झेरॉक्सवाल्याकडे नेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, सोलापूर लहान आहे. साधी 126 पानं दीड रुपयानं, रंगीत 22 पानं दहा रुपयांनी, परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे गोंदानं चिकटवलेला कणा, 120. एकूण 529. फुकटच्या अंकाला 529 रुपये लागले हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

बांधलेला खंड हातात आला तेव्हा मात्र जीव सुखावला. जाडजूड, सरळ कण्याचा, कपाटात ज्ञानकोशासारखा दिसणारा. मधोमध दोन समोरासमोरच्या पानांवर दारोकिनपासून सिंदपर्यंतचा, मिस्टारातल्या दोन देशांचा, रंगीत नकाशा. फाइलमध्ये तो एकच मोठा होता, दुकानातल्या पोरानं दोन पानांत वाटून छापला. पोरगं हुशार वाटलं. चहा पाजला त्याला.

आता अंकाबद्दल. सुरुवातीला माझं मत असं होतं की हे लोक फार खोलात जातात. एखाद्या राजघराण्याची वंशावळ वाचता वाचता आपल्याकडची भाऊबंदकी बरी वाटायला लागते. कुठला राजपुत्र कुणाच्या मावसभावानं पळवला, मूळ गॅझेटियरमध्ये, म्हणजे मिस्टारातल्या देशांची माहिती देणाऱ्या छापील पुस्तकांत, एक साल आणि मिस्टाराच्याच नंतरच्या पंचांगात दुसरं साल, मग दोन्ही खरं कसं करायचं यावर पानंच्या पानं. आमच्या टेबलावर यातलं काही येत नाही. खेळ चालवणारा मी, आणि खेळणारे एक टॉवेलचे पॉवरलूम चालवणारा शेठ, एक शाळामास्तर, माझा मेव्हणा आणि कॉलेजात शिकणारा भाचा. यांना राजपुत्राशी देणंघेणं नाही. टॉवेलशेठचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न: "दारोकिनमधून कापड सिंदला नेलं तर सुटतील किती?"

मी हसण्यावारी नेलं. मग खंड चाळला, तर व्यापाराबद्दल, तांड्यांबद्दल, जकातीबद्दल इतकं काही निघालं की पुढचे सहा रविवार आम्ही एकही राक्षस मारला नाही. नुसते तागे मोजले. शेठनं सुताचा काउंट विचारला, मला तो बनवावा लागला. मास्तरांनी तांड्याची वही घातली, खरी वही, लाल बासनाची. इतका रंगलेला खेळ मी बऱ्याच वर्षांत चालवला नव्हता. त्या काळात मला कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

सिंदबद्दल मात्र एक बोलायलाच हवं. हा देश मिस्टारात आपल्या नावानं आहे, म्हणजे हिंदुस्थानाच्या धर्तीवर. राजधानी सायर उलान, राजाची पदवी राजाधिराज आणि त्याचं नाव चंद्र उल नेर्वी. मेव्हण्यानं नाव ऐकलं आणि विचारलं, "हा कुठल्या तालुक्याचा बे?" नावाला हसलो, पण 1993 च्या चॅम्पियन्स ऑफ मिस्टारा या बॉक्समध्ये सिंदला जाती दिल्या आहेत, त्यात जादूगारांची जात वेगळी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात बसलेल्या कंपनीला ते रंगीबेरंगी वाटलं असेल. आमच्या टेबलाला पाच जण पाच घरचे, कुणाच्या आजोबांना कुठल्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं हे आम्हाला एकमेकांचं माहीत आहे. भाचा म्हणाला, "मामा, हे काय मजेला खेळायचं?" आम्ही ठरवलं की सिंदमध्ये जात आहे, पण तांड्यात नाही, आणि तांड्यातला कुणीही कुणाच्याही मशकीतलं पाणी पितो. त्या एका नियमावरून पुढे तीन भांडणं, एक लग्न आणि एक वेशीबाहेरचा मुक्काम एवढं कथानक निघालं. मूळ मजकुराला धरून चालणाऱ्यांनी काय करायचं, हे त्यांचं त्यांनी बघावं.

मास्तरांचं आणि माझं एका नियमावरून वाजलं तेही सांगतो. जुन्या नियमांप्रमाणे ओझं नसलेला माणूस मोकळ्या मैदानात दिवसाला 24 मैल चालतो. गॅझेटियरच्या नकाशांत एक हेक्स, म्हणजे षटकोनी घर, 8 मैलांचा, म्हणजे दिवसाला तीन हेक्स. वाळवंटात दोन तृतीयांश वेग, म्हणजे दोन. मास्तर दर कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर चालत जातात, अनवाणी, 45 किलोमीटर, रात्रीत. त्यांचं गणित असं की एक हेक्स जवळजवळ 13 किलोमीटरचा, म्हणजे ते एका रात्रीत साडेतीन हेक्स काटतात, आणि तलवारवाला हट्टाकट्टा नायक दिवसाला तीनच? मी म्हटलं, सर, तुमच्या वाटेवर दर फर्लांगाला चहाचा मंडप असतो. ते मान्य झालं नाही. अजूनही नाही.

आता उंटवाला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तांडा वाळवंट ओलांडायला निघाला. खेळाडूंनी बांधलेला खंड उघडला, बोट ठेवून हेक्स मोजले. बारा. दिवसाला दोन प्रमाणे सहा दिवस. पाणी सात दिवसांचं भरलं होतं. टॉवेलशेठनं जादा दिवसाचं पाणी उतरवलं आणि त्या जागी तागे चढवले. मेव्हण्याचा उंटवाला ओरडला की पाण्याशी खेळू नका. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावातली माणसं आम्ही, पाणी साठवणं आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. तरी शेठपुढे कुणाचं चाललं नाही.

माझ्या वहीत मी घरी फाइलवरून मोजलेले हेक्स होते. चौदा.

सहाव्या संध्याकाळी त्यांना विहीर दिसायला हवी होती. मी म्हटलं, वाळूच. त्यांना वाटलं मी मजा करतोय. सातव्या दुपारी उंटवाल्यानं आपल्या वाटणीचं शेवटचं पाणी उंटाला पाजलं, डाइस टाकला, आणि पडला एक. मेला. मेव्हण्यानं ते कॅरेक्टर तीन वर्षं सांभाळलेलं होतं.

मग जे झालं ते घरातलं आहे, थोडक्यात सांगतो. ते म्हणाले, बारा मोजलेत. मी म्हटलं, चौदा आहेत. घरी जाऊन फाइलमध्ये पुन्हा मोजले, चौदा. त्यांनी खंडात पुन्हा मोजले, बारा. मला वाटलं, पानांच्या जोडावरचे अर्धे हेक्स हे धरत नसणार. त्यांना वाटलं, मी नंतर वाढवले. मेव्हणा दोन रविवार आला नाही. बहिणीचा फोन आला की नकाशावरून कुणी बोलणं टाकतं का. आणि मी, कबूल करतो, सगळा राग अंकावर काढला. हौशी लोकांचे नकाशे, कुणी तपासत नाही, फुकट ते फुकटच, असं बरंच काही. भाच्यासमोर बोललो, आता तो ऐकवतो.

मेचा दुसरा आठवडा. पारा 43 वर. खंड स्कूटरच्या डिकीत ठेवून मी पेढीवर गेलो, दिवसभर स्कूटर उन्हात. संध्याकाळी डिकी उघडली तर कण्याचा गोंद वितळून पानं चळत पडावी तशी सुटलेली. 120 रुपयांचं बाइंडिंग तीन महिन्यांत पाण्यात, नाही, उन्हात. शिव्या घालत पानं गोळा करू लागलो आणि नकाशाचं डावं पान हातात आलं. त्याच्या उजव्या कडेला, जी आजवर कण्यात चिकटलेली होती, तिथे हेक्सची एक अख्खी उभी रांग. उजव्या पानाच्या डाव्या कडेलाही एक. दोन्ही पानं टेकवून सात रस्ता चौकात, हॉर्न ऐकत, स्कूटरच्या सीटवर मोजली. चौदा.

म्हणजे त्या हुशार पोरानं नकाशा वाटताना मधे शिवणीला मार्जिन सोडलंच नव्हतं, आणि गोंदानं दोन रांगा गिळल्या. वाळवंटात दोन हेक्स म्हणजे बरोबर एक दिवस. शेठनं उतरवलेला तोच दिवस.

झेरॉक्सवाल्याकडे गेलो. काका म्हणाले, "फाइलमध्ये होतं तसंच आलंय, मार्जिन तुम्ही द्यायचं असतं." मी म्हटलं, काका, माझा माणूस गेला. त्यांनी हात थांबवून विचारलं, "कोण गेलं?" उंटवाला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं ते बघितलं, आणि बाइंडिंगचे पैसे परत द्यायचं कारण उरलं नाही. स्पायरल करून दिलं, त्याचे 60 घेतले. नकाशा वेगळा ए-थ्रीवर एकसंध काढून घेतला, 30, त्यावर लॅमिनेशन, 40. म्हणजे आणखी 130. एकूण 659.

इथपर्यंतचा मजकूर मे महिन्यात रागात लिहून ठेवला होता, तेव्हा तीन तारे दिले होते. आता ऑगस्ट आहे आणि नीट विचार करता त्या नकाशात एकही चूक नाही. 1981 च्या आयल ऑफ ड्रेड या साहस-पुस्तिकेसोबत आलेल्या मोठ्या नकाशात एक हेक्स 24 मैलांचा होता, गॅझेटियर 8 मैलांवर आले, आणि त्या दोन मापांचा मेळ घालत बसणं हे किती किचकट काम आहे ते मला सात रस्त्यावर कळलं. ज्या वंशावळ्यांना मी नावं ठेवली, तोच हट्ट नकाशात होता, म्हणून तर माझे चौदा दोन्ही वेळा चौदाच आले. कण्यात गेलेली रांगसुद्धा कुणीतरी, पैसे न घेता, एकेक हेक्स रंगवलेली होती.

तक्रार एकच उरली, ती कालगणनेची. मिस्टारात 28 दिवसांचे 12 महिने, 336 दिवसांचं वर्ष. ना अधिक महिना, ना क्षय. तिथे पंचांगकर्त्यानं खायचं काय? पण याचा एक फायदा झाला. सण आपल्याला हवे तसे बसवता येतात. मी सायर उलानभोवती 68 लिंगं मांडली, सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती मांडली तशी, आणि वर्षातून एकदा सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या घेऊन त्यांना तेल घालायला मिरवणूक निघते. हे अंकात नाही, माझं आहे. पण सणाला वार, मान, वाट, कोण पुढे कोण मागे हे सगळं लागतं, ही सवय त्या अंकानंच लावली. जुलैत ती मिरवणूक खेळलो, तेव्हा मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले, काठीचा तोल कसा सांभाळायचा ते दाखवायला. ट्यूबलाइट थोडक्यात वाचली.

घेणाऱ्यांसाठी: पीडीएफ घ्या, फुकट आहे. छापणार असाल तर स्पायरलच करा, परफेक्ट बाइंडिंगच्या नादी लागू नका, निदान मराठवाड्याच्या सीमेवरच्या उन्हात तरी नाही. नकाशा खंडात बांधूच नका. चार तारे. पाचवा काकांमुळे अडकलाय, अंकाचा त्यात दोष नाही हे समजतं, पण बाइंडिंगचे 120 गेलेत.

सगळं उलगडल्यावर मी मेव्हण्याला म्हटलं, चूक बाइंडिंगची होती, उंटवाल्याला जिवंत धरू. तो नाही म्हणाला. आता तो मेलेलाच बरा आहे, दर रविवारी त्याचा विषय निघतो आणि शेठला खाली बघावं लागतं. खर्च पाच जणांत वाटला, माणशी 132. चौघांचे जमले. मेव्हणा म्हणतो, मेलेल्या माणसाकडून वर्गणी घेतात का?