एबी, के-सिक्स की लोकस्ट? साइटवर गर्दी सोडण्याआधी

दसऱ्याच्या तोंडावर आमच्याकडे कोल्हापुरी चपलांच्या एका दुकानाची साइट आली. मालकांचा प्रश्न साधा होता, 'सणाला एकदम गिऱ्हाईक आलं तर टिकेल काय?' याचं उत्तर साइटवर खोटी गर्दी सोडणाऱ्या कुठल्या टूलने शोधायचं, यावर राजारामपुरीतल्या आमच्या चार खुर्च्यांच्या ऑफिसात तासभर वाद झाला. तुम्हीही त्याच वळणावर असाल तर माझं मत मांडतो.

पाच मिनिटांत अंदाज हवा असेल तर एबी, म्हणजेच अपाची बेंच. टर्मिनलमध्ये एकूण विनंत्या १०००, एका वेळी ५० असं सांगायचं आणि एंटर मारायचं. पण आकडे डोळे झाकून घेऊ नका. आमच्या पहिल्याच फेरीत हजारातल्या ४९३ विनंत्या 'फेल्ड' दिसल्या आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, तर प्रत्येक विनंतीला २०० हा 'सगळं ठीक'चा कोड मिळालेला! खाली बारीक ओळ होती, 'लेंग्थ: ४९३'. एबी पहिल्या उत्तराची लांबी लक्षात ठेवतं आणि पुढचं उत्तर एका अक्षराने जरी कमीजास्त आलं तरी ते नापास करतं. आमच्या पानावर दर वेळी बदलणारा मजकूर होता, एवढंच. लांबीतला फरक चालेल असं सांगणारा डॅश एल पर्याय दिला आणि ४९३ चा शून्य झाला. शिवाय डॅश के दिला नाही तर प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडतं, खरा ब्राउझर तसं करत नाही. आणि एबी एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालतं, त्यामुळे सर्व्हर दमदार असेल तर आधी एबीलाच धाप लागते. तिथे डब्ल्यूआरके हे टूल घ्या, ते अनेक थ्रेड वापरतं.

या दोघांत एक खोट मात्र सारखीच आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग आत अडली म्हणून स्टँडवर उतरणारे भाविक थांबतात का? एबी आणि डब्ल्यूआरके थांबतात. आधीचं उत्तर आल्याशिवाय त्या कनेक्शनवरून पुढची विनंती सुटतच नाही. सर्व्हर पाच सेकंद गोठला तर त्या पाच सेकंदांत जे आले असते ते मोजणीतच येत नाहीत आणि उत्तराच्या वेळेची सरासरी गोंडस दिसते. ठरावीक वेगाने विनंत्या सोडत राहणारं टूल हवं असेल तर व्हेजिटा किंवा डब्ल्यूआरके-टू.

आता ज्यांत चाचणी कोडमध्ये लिहायची ती टूल्स. गिऱ्हाईक एकच पान उघडून जात नाही. चपला बघतं, नंबर निवडतं, मध्येच घरच्यांना विचारतं, मग पैसे भरतं. हे सगळं लोकस्टमध्ये पायथनच्या वीस-पंचवीस ओळींत बसतं. कुठलं काम किती वेळा करायचं त्याचं वजन द्यायचं, दोन कामांच्या मध्ये एक ते पाच सेकंद थांबायला सांगायचं, आणि ब्राउझरमध्ये ८०८९ पोर्टवर आलेख बघत बसायचं. त्याची एक प्रोसेस प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते, म्हणून मोठ्या गर्दीसाठी वर्कर, म्हणजे जादा प्रोसेस वाढवाव्या लागतात.

के-सिक्सची स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहायची, पण आतलं इंजिन गो भाषेतलं. त्यामुळे नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) अवलंबून असलेली पॅकेजेस चालतील असं धरून चालू नका. वर सांगितलेली रांगेची अडचण ते सोडवतं, कारण ठरावीक दराने विनंत्या सोडण्याची सोय आहे. माझं मन जिंकलं ते थ्रेशोल्डने. '९५ टक्के विनंत्या ५०० मिलिसेकंदांच्या आत' अशी अट घातली आणि ती मोडली, तर कमांड नापास होऊन परत येते आणि नवीन कोड तिथेच अडवता येतो.

जेमीटरमध्ये चाचणी कोडऐवजी खिडकीत बांधता येते. पण तिचा आराखडा एक्सएमएल फाइलमध्ये साठतो आणि गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) दोन आवृत्त्यांतला फरक वाचताना डोळे पांढरे होतात. कोड न लिहिणारे टेस्टर टीममध्ये असतील तर ठीक. तेव्हाही खिडकी फक्त चाचणी बांधायला वापरा, चालवा कमांड लाइनवरूनच.

आमचा निकाल: रोजच्या चाचपणीला एबी, दर रिलीजला के-सिक्स. टीम पायथनवाली असती तर डोळे झाकून लोकस्ट म्हटलं असतं.

काहीही निवडा, चाचणी सर्व्हरच्याच मशीनवरून चालवू नका, आणि आधी एसएमएस गेटवे, म्हणजे साइटवरून मेसेज पाठवणारी सेवा बंद करा. मी एकदा विसरलो. टेस्ट डेटात सगळीकडे माझाच मोबाइल नंबर होता. रात्री फोन टेबलावर थरथरत थरथरत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला, तेव्हा कळलं.